समांतर बसलेला माणूस

बाई तंत्रशाळेत विजेचा विषय शिकवत. समांतर जोडणीचा धडा आला की त्या वर्गात एक लाकडी फळी घेऊन येत. फळीवर दोन पितळी खुंट्या, आणि त्या दोन खुंट्यांच्या मध्ये शेजारी शेजारी जोडलेले, विजेला अडवणारे दोन रेझिस्टर, प्रत्येकी एक हजार किलोओमचा. "एकूण रोध किती?" एवढंच त्या विचारत.

बहुतेक वर्ग दोन हजार म्हणायचा.

"ती बेरीज एकापुढे एक जोडले तर. हे दोघं शेजारी आहेत. एखाद्या सभागृहाला एकच दार आहे आणि गर्दी बाहेर पडताना चेंगरतेय. शेजारी अजून एक दार काढलं तर त्रास वाढेल की कमी होईल?"

"कमी होईल."

"दुसरं दार अगदी अंग चोरून जाण्याएवढं असलं तर?"

"तरी कमीच होईल. थोडासा."

"मग रोधांची बेरीज कशाला करता? प्रत्येक वाट किती जाऊ देते त्याची करा. एक भागिले हा, अधिक एक भागिले तो. आलेल्या उत्तराला उलटं करा, की झाला एकूण रोध. सारख्या दोन वाटा असल्या तर निम्मा, तीन असल्या तर तिसरा हिस्सा. आणि काही झालं तरी उत्तर सगळ्यांत लहान रोधापेक्षाही लहानच येणार. मोठं आलं तर समजा, गणितात कुठेतरी माती खाल्ली."

मीटर लावला की पाचशे दिसायचे. मग त्या कुणाला तरी पुढे बोलावून मीटरची दोन्ही टोकं खुंट्यांवर बोटांनी दाबून धरायला सांगत. आकडा घसरत खाली यायचा आणि वर्ग बुचकळ्यात पडायचा.

"आता वीज तुमच्या अंगातूनही जातेय," बाई सांगत. "एका हातातून आत, दुसऱ्यातून बाहेर. तिसरी वाट तुम्ही झालात. म्हणून मोजताना टोकांना बोटं लावायची नाहीत, नाहीतर स्वतःलाच मोजून बसाल."

बाईंचा नवरा घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं काम करी. मीटर, ॲम्प्लिफायर, जुने रेडिओ, जे येईल ते. हाताने हलका आणि तोंडाने फटकळ माणूस. कुणी वाक्य सुरू केलं की मधेच तोडून स्वतः पुरं करायचा, आणि बऱ्याचदा चुकीचं पुरं करायचा. बाई आणि तो एकाच तंत्रशाळेत शिकले होते, भांडणातूनच त्यांचं जमलं होतं, आणि लग्नाला एवढी वर्षं होऊनही ते भांडण काही मिटलं नव्हतं.

एका दुपारी तो काम करता करता बेंचवर डोकं टेकून झोपल्यासारखा दिसला. बाई शाळेतून आल्या होत्या. त्यांनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला, तेव्हा तो खुर्चीवरून घसरला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. डोळे मिटलेले, हाताला चिमटा घेतला तरी दखल नाही.

दवाखान्यात बसायला बाईंना सोबत होती ती अक्कांची. अक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आईच्या माघारी भावाला त्यांनीच वाढवलं होतं आणि अजूनही त्याला बारक्या म्हणायच्या. बारक्याला टक्कल पडलं तरी तो बारक्याच होता. सकाळी अक्का बसत, दुपारनंतर बाई. येता-जाता बाई शाळेतले तास उरकत, कारण घरी रिकामं बसवत नव्हतं.

अशातच त्या फळीवरच्या एका रेझिस्टरची तार तुटली. डाग देऊन ती पुन्हा जोडायला हवी होती. बाई पुढच्या खोलीत गेल्या. तो पडल्यापासून त्या खोलीत त्या पाऊल टाकत नव्हत्या. बेंच होता तसाच होता. पाना, चिमटा, अर्धवट उघडलेला एक रेडिओ. बाई खुर्चीत बसल्या नाहीत. खुर्ची बाजूला सरकवून उभ्या उभ्याच त्यांनी तार जोडली, फळी गार होऊ दिली आणि मीटर लावला.

तीनशे तेहतीस.

त्यांनी आधी आपलीच बोटं बघितली. मीटरच्या टोकांना पकडणारे चिमटे होते, बोट कुठेच नव्हतं. चिमटे काढून पुन्हा लावले. तीनशे तेहतीस. डाग देताना काही सांडलं असेल म्हणून फळी पुसली. रेझिस्टर एकेक सोडवून वेगळे मोजावेत म्हणून फळी स्वयंपाकघरात नेली, आणि सोडवण्याआधी सहज मीटर लावला, तर पाचशे.

पुढच्या खोलीत आणली, तीनशे तेहतीस.

बाई शिकवणाऱ्या होत्या. असल्या गोष्टीला कुठेतरी गळती म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. बेंच दमट असेल. त्यांनी फळीखाली काच ठेवली, मग जाड रबर. नवऱ्याच्या कपाटातला दुसरा मीटर काढला. आकडा तोच. फळी खोलीच्या कोपऱ्यात नेली तर पाचशे, खिडकीत ठेवली तर पाचशे. बेंचवर डाव्या टोकाला पाचशे, उजव्या टोकाला पाचशे. फक्त मधोमध, खुर्चीत बसलेल्या माणसाचे दोन्ही हात सहज पोचतील तेवढ्याच जागेत तो आकडा उतरत होता.

तीनशे तेहतीस म्हणजे एक हजाराचा तिसरा हिस्सा. फळीवर दोनच रेझिस्टर होते आणि मीटर तीन मोजत होता.

बाई मीटर तसाच सोडून बाहेर आल्या आणि दार लोटून घेतलं. त्या पाणी प्यायल्या. मग दवाखान्यात गेल्या आणि अक्कांना काहीच बोलल्या नाहीत. नवऱ्याचा हात हातात घेऊन बसल्या. तो कोमट होता, आणि नुसताच होता.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी दोघींना बोलावून घेतलं. तरुण डॉक्टर होता, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्याने उगाच धीर दिला नाही. "मेंदूकडून काही प्रतिसाद नाही. यंत्र आहे म्हणून श्वास आहे. किती दिवस ठेवायचं, ते तुम्ही ठरवा. घाई नाही, पण विचार करा."

बाहेर बाकावर अक्का बराच वेळ पदराचा काठ बोटांनी सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला काय वाटतं गं? तो आत आहे का?"

"आत आहे की नाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण अक्का, तुम्ही जरा घरी चला."

पुढच्या खोलीत बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, फळी हलवून दाखवली, कोपऱ्यातला आकडा, बेंचवरचा आकडा. अक्कांना विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एवढं कळलं की एका जागी कुणीतरी आहे आणि इतर जागी कुणी नाही. त्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "एकदा बूड टेकलं की न उठणारा माणूस आहे तो. लहानपणी जेवायला उठवायला मला काठी घ्यावी लागायची."

मीटर तीनशेवर उतरला.

दोघींनी तो पाहिला. अक्कांनी हळूच विचारलं, "हे आत्ता काय झालं?"

"तिसरी वाट जरा रुंद झाली. माणूस हलला, घाबरला, हसला की हाताला बारीक घाम येतो. घाम आला की रोध उतरतो." बाईंचा आवाज वर्गातल्यासारखाच निघाला, कारण दुसरा कुठला आवाज निघेना.

तरी त्यांनी खात्री करून घेतली. आधी अक्कांना शाळेच्या इमारतीच्या रंगाबद्दल बोलायला लावलं. आकडा परत तीनशे तेहतीसवर जाऊन थांबला. मग म्हणाल्या, "त्याचं काहीतरी सांगा. त्याला लाज वाटेल असं."

अक्कांकडे त्याचा तुटवडा नव्हता. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर बारक्या कसा भोकाड पसरायचा आणि शेवटी अक्काच्याच मांडीवर अर्धे केस कापून, अर्धे तसेच ठेवून घरी कसा आला, ते त्यांनी रंगवून सांगितलं. सांगता सांगता त्या स्वतःच हसल्या. आकडा तीनशे, दोनशे नव्वद, दोनशे ऐंशी असा उतरत गेला. अक्कांचं हसू मधेच विरलं.

"आता ते विचार," त्या म्हणाल्या.

बाईंनी खुर्चीकडे न बघता, मीटरकडे बघत विचारलं, "डॉक्टर म्हणतात यंत्र काढायचं. काढू का?"

दोनशे. एकदम. घामाने थबथबलेल्या हातांचा आकडा होता तो. आणि तो तिथेच थरथरत राहिला, एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे एक, दोनशे.

"घाबरलाय," अक्का म्हणाल्या. त्यांनी रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, जरा वर, जिथे खांदा असता तिथे. "नाही काढत रे. कोण काढतंय? मी आहे ना इथे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दोघींनी नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "आमचं मन होत नाही." डॉक्टरने मान हलवली. असं उत्तर त्याने बरेचदा ऐकलं असणार.

त्यानंतर बाई रोज शाळेतून आल्या की आधी पुढच्या खोलीत जात. मीटर चालू करत, उभ्या राहून दिवसभराचं सांगत. कुणी काय विचारलं, मुख्याध्यापक कुणावर घसरले, अक्का दवाखान्यातल्या बाईशी कशा भांडल्या. आकडा हलायचा, स्थिरावायचा. त्यांना सवय झाली. भीती गेली नव्हती, पण भीतीचीही माणसाला सवय होते. मानेवर काटा यायचा आणि त्या बोलत राहायच्या.

आणि मग नवरा शुद्धीवर आला.

आधी बोट हललं, मग डोळे उघडले, मग यंत्र निघालं. डॉक्टर म्हणाला, क्वचित असं होतं, आणि स्वतःच खुर्ची ओढून खाली बसला. अक्का दवाखान्याच्या जिन्यात बसून रडल्या. घरी आणल्यावर तो काठी घेऊन चालायला लागला, मग काठीशिवाय. बोलायचा कमी, पण स्पष्ट. डॉक्टरने काम करू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून बाईंनी पुढची खोली बंदच ठेवली. फळी, मीटर सगळं आतच राहिलं. त्यांना त्याची आठवणही झाली नाही. माणूस परत आल्यावर मीटरशी कोण बोलत बसतं?

ते दिवस बाईंना फार सुखाचे गेले. नवरा बदलला होता, आणि चांगल्यासाठी बदलला होता. दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायचा. समोर ठेवलं ते खायचा, मीठ कमी पडलं तरी काही बोलायचा नाही. बाई शाळेतलं सांगायला लागल्या की हातातलं काम ठेवून, त्यांच्या तोंडाकडे बघत शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचा. आयुष्यात पहिल्यांदा बाईंची वाक्यं पुरी होत होती.

अक्कांना मात्र ते खटकत होतं. एक दिवस भांडी विसळताना त्या म्हणाल्या, "आज मी त्याला मुद्दाम गाढव म्हणाले."

"मग?"

"म्हणाला, बरं अक्का." त्यांनी नळ बंद केला. "बारक्या मला कधी बरं म्हणाला होता गं? मेला असता तरी म्हणाला नसता."

"आजारपणातून उठलाय. माणूस निवळतो."

"निवळतो," अक्का म्हणाल्या. "पण पार पाणी होतं का त्याचं?"

बाईंना तो विषय आवडला नाही. पुढे शाळेत समांतर जोडणीचीच उजळणी आली. फळी हवी होती. बाईंनी पुढच्या खोलीचं दार उघडलं. बंद खोलीचा वास आला. फळी बेंचवर मधोमध होती, चिमटे लावलेलेच होते. जाता जाता बघून घ्यावं म्हणून त्यांनी मीटरचं बटण फिरवलं. पाचशेच येणार होते. यायलाच हवे होते.

चारशे ऐंशी.

त्या उभ्याच राहिल्या. डोक्यात आपोआप गणित झालं, जसं रोज वर्गात व्हायचं. एक भागिले चारशे ऐंशी, त्यातून एक भागिले पाचशे वजा. उलटं करा. बारा हजार. तिसरी वाट अजून होती. फक्त अंग चोरूनही जाता येऊ नये इतकी अरुंद झाली होती.

"तू आहेस इथे?" बाईंनी विचारलं.

चारशे सत्तर. मग हळूहळू, थकल्यासारखा आकडा परत चारशे ऐंशी झाला. आणि त्या बघत होत्या तोवर चारशे एक्क्याऐंशी.

मागे स्वयंपाकघरातून भांडं ठेवल्याचा आवाज आला. तो कांदा चिरत होता.

बाई मीटर घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी मीटर टेबलावर ठेवला. "जरा ही टोकं धर," त्या म्हणाल्या. "एकेका हातात एकेक. घट्ट."

त्याने सुरी ठेवली, हात पुसले आणि सांगितल्याप्रमाणे टोकं धरली. मीटर हलला नाही. काहीच जोडलं नसलं की पडद्यावर जी खूण दिसते, तीच खूण. बाईंनी त्याच्या हातातून टोकं घेऊन स्वतः धरली. सहाशे, पाचशे ऐंशी, पाचशे साठ. पुन्हा त्याला दिली. खूण. त्याला नळाखाली हात ओले करायला लावले. ओल्या हातांनी त्याने टोकं धरली, पाणी मनगटावरून ओघळत होतं, आणि मीटरच्या लेखी तिथे सुकं लाकूड होतं. दवाखान्यात याच अंगावर तारा चिकटवून हृदयाची रेघ काढली होती. तेव्हा ती नीट यायची. डोळे उघडल्यानंतर काय झालं होतं?

"तिकडे कुणीतरी बसलंय ना?" त्याने विचारलं. अगदी साधेपणाने, पावसाचं विचारावं तसं.

बाईंनी पुढच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"दार बंद असलं तरी मला कळतं," तो म्हणाला. "म्हणून मी त्या खोलीत जात नाही."

"तू कोण आहेस?"

त्याने विचार केला. खोटं बोलायचा विचार नव्हता तो, खरंच आठवून बघत होता. "ते नाही सांगता येत. मी बाहेर होतो. पुष्कळ दिवस. तिथे एक घर उघडं दिसलं, दिवा चालू आणि आत कुणी नाही. मी आलो." त्याने टोकं टेबलावर नीट, एकमेकांना लागणार नाहीत अशी ठेवली. "तुम्ही दोघी माझ्याशी फार चांगल्या वागलात."

बाईंनी अक्कांना फोन केला. काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. अक्का आल्या त्या चपला न काढताच आत आल्या. बाईंनी दारातच सगळं सांगितलं. मग त्या टेबलापाशी जाऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्याने वर बघितलं. चेहरा त्यांच्या भावाचा होता, भुवईवरची खोक त्यांनीच लहानपणी पाडलेली होती.

"ऊठ," अक्का म्हणाल्या. "ती माझ्या भावाची जागा आहे."

"बरं अक्का," तो म्हणाला आणि उठला. मग उभ्या उभ्याच घुटमळला. "चहा घेऊन गेलो तर चालेल? सवय झालीय."

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या आणि त्यांनी गॅसवर आधण ठेवलं. पुढच्या खोलीतला आकडा तेवढ्यात कुठवर चढला असेल, हे बाईंच्या मनातून जात नव्हतं, पण चहा उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. त्याने तो उभ्याने, फुंकर मारत घेतला. कप विसळून पालथा घातला. म्हणाला, "दोरीवरचे कपडे अजून ओले आहेत. संध्याकाळी काढा."

पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर मात्र त्याचे पाय थांबले. अंगाला शहारा आल्यासारखं त्याने खांदे आवळले. बाईंनी मीटर परत फळीला जोडला. चारशे ब्याण्णव. तो खुर्चीत बसला, अगदी कडेला, जणू उरलेली जागा दुसऱ्या कुणाची होती. बाईंनी सांगितलं, तसे त्याने दोन्ही हात पुढे करून दोन खुंट्यांवर ठेवले.

काही झालं नाही. चारशे ब्याण्णव. अक्का पाठीमागे उभ्या राहून हलक्या आवाजात म्हणाल्या, "बारक्या, ये रे आता. जेवायचं थंड होतंय." लहानपणी मारायच्या त्याच हाकेत.

चारशे सत्तर. चारशे दहा. मग आकडा जिन्यावरून कुणी धावत उतरावं तसा उतरला, तीनशे तेहतीस, तीनशे, अडीचशे. खुर्चीतल्या माणसाची मान पुढे पडली आणि लगेच वर आली.

"खोलीचं दार कुणी बंद ठेवलं होतं?" त्याने विचारलं. आवाज घोगरा, आणि भांडायच्या तयारीतला.

"आधी हात काढ," बाई म्हणाल्या.

त्याने हात काढले. पाचशे. बाईंनी फळी बेंचवर इकडून तिकडे सरकवली. सगळीकडे पाचशे. अक्कांनी त्याच्या टकलावर एक चापट मारली आणि तिथेच हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्याला बेंचवरचं सगळं आठवत होतं. न्हाव्याची गोष्ट सांगितल्याबद्दल तो अक्कांवर कितीतरी दिवस धुमसत होता. हॉस्पिटलातलं, घरातलं काही आठवत नव्हतं. एकदा जेवताना तो बाईंना म्हणाला, "रोज यायचीस. बोलायचीस. मग एकदम यायचीच बंद झालीस. आतून हसण्याचा आवाज यायचा. मला वाटलं, मी मेलो आणि तू दुसरं कुणी आणलंस."

"मला वाटलं तूच आलास," बाई म्हणाल्या.

"वेगळा वाटला नाही?"

बाईंनी ताटातला घास चिवडला. वेगळा वाटला होता. तो आवडला होता. हे नवऱ्याला सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि न सांगताही त्याला कळलं असावं, कारण त्याने पुढे विचारलं नाही. त्या दिवसापासून तो अधूनमधून बाईंना वाक्य पुरं करू द्यायचा. बाईंना त्याने बरं वाटत नसे; त्या वाक्य अर्धंच टाकून उठत.

मग एका सकाळी अक्का ओळखीच्या कुणाला तरी भेटायला त्याच दवाखान्यात गेल्या होत्या. तिथून थेट बाईंकडे आल्या. घाम पुसत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बारक्या होता त्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ शुद्धीवर आलेत. त्यांच्या मुलीची आणि माझी बाकावर ओळख झाली होती तेव्हा. ती भेटली, आनंदाने नाचायची बाकी होती. म्हणाली, बाबा इतके तापट होते, आता एकदम शांत झालेत. सगळं ऐकून घेतात. कपड्यांच्या घड्या घालतात."

बाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मी आत डोकावले," अक्का म्हणाल्या. "त्या गृहस्थांनी मला कधी पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, बरं आहे ना अक्का?"

"तुम्ही मुलीला सांगितलंत?"

"काय सांगू? इतकी खुशीत होती ती. जिवावर आलं माझ्या." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि तोही काही वाईट नाही गं. ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे."

पुढच्या खोलीत नवऱ्याने कुठलासा ॲम्प्लिफायर लावला होता, त्याची घरघर भिंतीतून येत होती. बाई ती ऐकत होत्या. कुठेतरी एखाद्या बंद खोलीत, एखाद्या टेबलापाशी, एक तापट म्हातारा बसून असेल. दारापलीकडून त्याला लेकीचं हसणं ऐकू येत असेल, आणि त्याची वाट दिवसेंदिवस अरुंद होत असेल.

त्यांनी फळी आणि मीटर पिशवीत टाकले. अक्का उठल्या आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

मुलगी वॉर्डाबाहेरच भेटली. अक्कांना बघून हसली, आणि बाईंकडे बघून, ह्या कोण, अशा नजरेने थांबली. दाराच्या काचेतून आतला पलंग दिसत होता. म्हातारा पाय खाली सोडून बसला होता आणि मांडीवर टॉवेल पसरून त्याच्या कडा जुळवत होता. त्याने मान वर केली, बाईंना ओळखलं, आणि टॉवेल बाजूला ठेवला.

बाईंनी त्याच्यावरची नजर काढून मुलीकडे वळवली.

"तुम्हाला जरा विचित्र वाटेल," त्या म्हणाल्या, "पण मला एकच सांगा. आजारी पडायच्या आधी तुमचे वडील घरी कुठे बसायचे?"